कर्दळ समजून वाळवलेले गड्डे

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका निवृत्त गृहस्थांच्या बागेतलं आहे. ओळख झाकायची म्हणून मी त्यांना नुसतं काका म्हणणार आहे; एरवीही तेच म्हणते. त्यांच्याकडे कुंड्यांनी भरलेली गच्ची, खाली हातभर रुंदीचा एक वाफा आणि दिवसभर मोकळा वेळ आहे. हवामान असं की उन्हाळा चांगला तापतो, पण नोव्हेंबरात दव गोठायला लागतं आणि जानेवारीत काही रात्री पारा शून्याखाली सहा-सात अंशांपर्यंत उतरतो. उष्ण प्रदेशातली कोवळी झाडं उघड्यावर हिवाळा काढतील अशी ही जागा नाही.

मार्चमध्ये घर सोडून जाणाऱ्या शेजाऱ्यांनी त्यांना वर्तमानपत्रात गुंडाळलेले नऊ तुकडे दिले. प्रत्येक तुकडा बोटभर लांब, पिवळट तपकिरी, अंगावर कड्यांसारख्या रेघा आणि दोन-तीन डोळे. सोबत माहिती एवढीच की पानं कर्दळीसारखी येतात आणि फुलं छान असतात. नाव विचारायचं राहिलं. पुढे त्या शेजाऱ्यांशी संपर्कही राहिला नाही.

काकांनी चार कुंड्यांत दोन-दोन आणि पाचवीत एक असे तुकडे लावले, कर्दळीला लावतात तसे चार बोटं खोल. मे महिन्यात कोंब वर आले. सप्टेंबरअखेर पाचही कुंड्या दाट भरल्या होत्या. खोडं कमरेच्या वर गेली होती, पानं हिरवीगार होती, फूल मात्र एकही नव्हतं.

अडचण

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात काकांनी मला फोटो पाठवला आणि विचारलं, "अगं, ही कर्दळच ना? मग खणून वाळवून ठेवू का आता?"

खरं तर यात दोन प्रश्न होते. पहिल्याचं उत्तर ठरल्याशिवाय दुसऱ्याचं देता येत नाही, पण मी दोन्ही एका दमात दिली. फोटोत खोडं समोरून दिसत होती, पानं रुंद होती आणि मधली शीर ठळक होती. मी लिहिलं, "हो, कर्दळच दिसतेय. काढा, वाळवा, भुशात ठेवा." या प्रकरणातली पहिली चूक माझी आहे. ती इथे ठळकपणे सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापासूनच सुरू झालं.

काकांनी लगेच दोन कुंड्या रिकाम्या केल्या. मुळं छाटली, खोडं कापली आणि गड्डे दहा दिवस गच्चीवर वाऱ्याला ठेवले. मग लाकडाच्या भुशात घालून खोकं माळ्यावर, गरम पाण्याच्या नळाशेजारी ठेवून दिलं. तिसरी कुंडी रिकामी करण्याआधी त्यांनी फोनवरच्या एका ओळख सांगणाऱ्या ॲपला फोटो दाखवला. ॲपने तीन वेगवेगळ्या फोटोंना तीन नावं दिली: कर्दळ, हेलिकोनिया (केळीसारख्या पानांचं शोभेचं झाड) आणि हळदीच्या जातीतलं काहीतरी. काका गोंधळले आणि थांबले. ते थांबले म्हणूनच तीन कुंड्या वाचल्या.

ओळख पटवताना

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मी स्वतः गेले. झाडाला फूल नसताना ओळख पटवायची म्हणजे पान, खोड, गड्डा आणि वास यांच्यावरच भिस्त. फोटोत यातलं निम्मंही येत नाही.

आधी वरून पाहिलं. कर्दळीची पानं खोडाभोवती फिरत वर चढतात. इथे ती दोन समोरासमोरच्या ओळींत होती. खोड वरून पाहिलं तर वही उघडून धरल्यासारखं. हाच फोटो वरून काढला असता तर मी कर्दळ म्हटलंच नसतं.

मग पान हळूच मागे ओढून त्याचा तळ पाहिला. खोडाला कवटाळणाऱ्या भागातून पान जिथे सुटं होतं, तिथे आतल्या बाजूला पातळ, कागदासारखा पापुद्रा होता. याला जिभिका म्हणतात. ज्वारी आणि उसाच्या पानालाही ती असते, त्यामुळे शेती पाहिलेल्या माणसाला ती दाखवायला वेळ लागत नाही. आल्याच्या कुळातल्या झाडांना जिभिका असते. कर्दळीला नसते आणि हेलिकोनियालाही नसते. आल्याच्या जवळच्या कुळातल्या पेव्याला असते, पण पेव्याची पानं गोल जिन्यासारखी वर चढतात, शिवाय पेव्याला आल्यासारखा वास नसतो. इथे पानं दोन ओळींत होती, म्हणून पेवाही बाद झाला.

उरला वास. मी कुंडीच्या कडेची माती बोटाने बाजूला केली, गड्ड्यावर नख ओढलं आणि काकांना वास घ्यायला सांगितलं. ते म्हणाले, "आलं!" कर्दळीच्या गड्ड्याला कच्च्या बटाट्यासारखा, जवळजवळ नसल्यासारखाच वास येतो. ही परीक्षा मार्चमध्ये, वर्तमानपत्राची पुडी उघडली त्याच दिवशी, दहा सेकंदांत करता आली असती. आमच्यापैकी कोणालाच ती सुचली नाही.

माती बाजूला करताना आणखी एक गोष्ट दिसली. चार बोटं खोल लावलेले गड्डे वर सरकत सरकत पृष्ठभागापाशी आले होते आणि एका कुंडीत तर त्यांची पाठ उघडी पडली होती. कर्दळीचे गड्डे मातीत खोलवर सुखी असतात. हे झाड मात्र मातीच्या वरच्या थरात आडवं पसरत होतं.

कुळ आल्याचं ठरलं, पण त्या कुळातही संशयित दोन होते. पहिला म्हणजे फुलांसाठी लावतात त्या शोभेच्या हळदीपैकी एखादी. हळदीची पानं लांब देठांवर थेट जमिनीपासून निघतात, पानांनी भरलेलं उंच खोड तिला नसतं. शिवाय दिवस लहान झाले की, पाणी घाला वा घालू नका, ती पिवळी पडून झोपी जाते. काकांच्या कुंड्या ऑक्टोबर संपत आला तरी हिरव्या होत्या. त्यामुळे उरलं हेडिकियम, म्हणजे सोनटक्क्याची प्रजाती.

यातली जात कोणती, हे फुलाशिवाय खात्रीने सांगता येत नव्हतं. पांढऱ्या सोनटक्क्याच्या, म्हणजे हेडिकियम कोरोनेरियमच्या, पानांना खालून बारीक लव असते. जवळच्या कुंडीतलं एक पान उलटं करून मी बोट फिरवलं, लव लागली. मी वहीत लिहिलं, "बहुधा कोरोनेरियम." एका कुंडीतलं एक पान पाहून पाचही कुंड्यांबद्दल लिहिलं, हे ध्यानात ठेवा, त्याकडे पुन्हा यायचं आहे.

हे सगळं वाचताना नावाचा एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. पण नावावरच साठवण ठरते. कर्दळीचे गड्डे जाड आणि पिठूळ असतात. ते जमिनीबाहेर पाच ते दहा अंशांत, जेमतेम ओलसर भुशात, निवांत हिवाळा काढतात. शोभेच्या हळदीला पूर्ण कोरडं आणि त्यापेक्षा उबदार, पंधरा अंशांच्या आसपास लागतं. ती गार ओल्या मातीत कुजते. पांढरा सोनटक्का तर मुळात झोपतच नाही. उबदार जागी तो बारा महिने हिरवा राहतो आणि त्याची मांसल मुळं चालूच असतात. ती छाटून त्याला वाऱ्यावर टाकणं म्हणजे जागत्या झाडाची पाणपुरवठ्याची वाट तोडणं. आम्ही दोन कुंड्यांचं नेमकं तेच केलं होतं.

जाता जाता एक. जिथे हिवाळा सौम्य आणि पाऊस भरपूर असतो तिथे प्रश्न उलटा असतो: हे झाड जगवायचं कसं हा नव्हे, तर आवरायचं कसं हा. पिवळ्या फुलांचं हेडिकियम गार्डनेरियानम हवाई आणि न्यूझीलंडमध्ये जंगलात शिरून डोकेदुखी झालेलं आहे. गड्ड्याचा तुकडा फेकला तरी तो रुजतो. तेव्हा उरलेसुरले तुकडे ओढ्याकाठी भिरकावू नयेत.

पर्याय

पहिली कडक रात्र आठवड्यावर आली होती. हातात तीन जिवंत कुंड्या आणि माळ्यावरचं एक खोकं होतं.

कुंडी वाफ्यात काठापर्यंत पुरून वर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन घालायचं, हा पर्याय काकांना सर्वांत आवडला, कारण त्यात उचलाउचल नव्हती. थंडी सोसणाऱ्या हेडिकियमांना, जमीन खोलवर गोठत नसेल तर, हे चालतं. कोरोनेरियम त्या मानाने नाजूक. मला शंका होती.

जिन्याखालची जागा थंड आणि अंधारी होती, पण गोठत नव्हती. आम्ही तिथे तीन दिवस कमाल-किमान तापमापक ठेवला. पारा आठ ते अकरा अंशांत राहिला. इथे झाड वाढणार नाही, पण गड्डा मातीत, मुळांसकट, जवळजवळ कोरडा राहून तग धरू शकेल. अंधारात पानं पिवळी पडणारच, मग खोडं कापलेली बरी.

तिसरा पर्याय घरातल्या दक्षिणेच्या खिडकीचा. तिथे सोळा ते एकोणीस अंश तापमान, ऊन आणि कोरडी हवा होती. झाड हिरवं ठेवता येईल, पण चार महिने त्याची चाकरी करावी लागेल आणि कोळी कीड येणार हे जवळजवळ ठरलेलं. काकूंचा या पर्यायाला विरोध होता. त्यांचं म्हणणं, "खिडकीत आधीच माणसांना जागा नाही."

एकच पर्याय निवडावा की तिन्ही, यावर आमचा थोडा वाद झाला. काकांना 'योग्य पद्धत' हवी होती. माझं म्हणणं असं की जातच नक्की नाही तर योग्य पद्धत कोणती हे कसं सांगणार? तीन कुंड्या तीन ठिकाणी ठेवल्या तर निदान एक तरी वाचेल. एका कुंडीचा जुगार हरलो तरी बेणं शिल्लक राहील. अखेर हेच ठरलं. यामागे प्रयोग करायची हौस नव्हती, खात्रीच नव्हती म्हणून तीन वाटा धरल्या.

काय केलं

जिन्याखालच्या कुंडीतली खोडं वीतभर ठेवून कापली आणि दर तीन-चार आठवड्यांनी कपभर पाणी द्यायचं ठरलं. थंडीत मुळं पाणी ओढत नाहीत, घातलेलं पाणी गड्ड्याभोवती साचून राहतं, म्हणून कप मोजून. काकांनी कुंडीवर तारखांचा कागदच चिकटवला. मोजमापाच्या बाबतीत ते माझ्यापेक्षा शिस्तीचे.

खिडकीतली कुंडी दव गोठायच्या आधीच आत घेतली आणि तिची खोडं कापली नाहीत. हा निर्णय जवळजवळ अपघाताने झाला. मी कापा म्हणणार होते, काका म्हणाले, "इतकी हिरवी आहेत, राहू दे की." माझ्याकडे विरोध करायला सबळ कारण नव्हतं. वरची दोन बोटं माती सुकली की पाणी, आणि दर आठवड्याला न्हाणीघरात नेऊन पानांना खालून फवारा, अशी दिनचर्या ठरली. तरी जानेवारीत पानांवर बारीक पिवळे ठिपके आणि जाळी दिसलीच. फवारा आठवड्यातून दोनदा केला, फार खराब पानं काढून टाकली आणि कीड आटोक्यात राहिली. औषध वापरावं लागलं नाही.

वाफ्यातल्या कुंडीवर हातभर पाला आणि वर गोणपाट टाकलं.

आणि ते खोकं. उघडलं तेव्हा भुसा खडखडीत होता, नळाशेजारची जागा चोवीस अंशांची निघाली आणि गड्डे सुरकुतले होते. सात तुकडे होते. अंगठ्याने दाबून पाहिले: तीन पोकळ लागले, चार आतून टणक होते. पोकळ टाकले. उरलेले चार मुठीत दाबल्यावर पाणी न गळेल इतक्या ओल्या कोकोपीटमध्ये घालून घरातल्या थंड कपाटात ठेवले, तेरा अंशांच्या आसपास. पाण्यात भिजवून फुगवावेत असं काकांना वाटत होतं. मी नको म्हटलं, कारण सुरकुतलेल्या गड्ड्याच्या कापलेल्या जखमा ओल्या झाल्या की तिथून कूज शिरते. हा सल्ला बरोबर होता की नाही हे मला आजही सिद्ध करता येणार नाही; चारांतले काही भिजवून पाहिले असते तर कळलं असतं.

काय झालं

फेब्रुवारीअखेर खिडकीतल्या कुंडीत नवे कोंब आले. एप्रिलमध्ये जिन्याखालची कुंडी उजेडात आणली आणि दोन आठवड्यांत तिलाही गुलाबी टोकाचे कोंब फुटले. रात्रीचा पारा दहाच्या वर स्थिरावल्यावर, मेच्या मध्यात, दोन्ही कुंड्या गच्चीवर गेल्या. आधी आठवडाभर सावलीत ठेवल्या, नाहीतर घरातली पानं उन्हात करपतात.

वाफ्यातली कुंडी मे संपेपर्यंत मुकी राहिली. उकरली तेव्हा गड्ड्यांचा आंबूस वासाचा लगदा झालेला होता. थंडीने मेली म्हणावं तर आच्छादनाखालची मातीही चिंब होती, कारण कुंडीच्या तळाचं भोक वाफ्यातल्या चिकणमातीने बुजलं होतं. थंडी आणि पाणी या दोघांपैकी गुन्हेगार कोण, हे वेगळं काढता आलं नाही.

खोक्यातल्या चार तुकड्यांपैकी दोघांना जूनमध्ये कोंब आले, तेही काडीसारखे बारीक.

फुलाचा दिवस जुलैअखेरचा. काकांचा संध्याकाळी फोन आला आणि ते नुसतंच म्हणाले, "अगं, हा तर सोनटक्का!" खिडकीत हिवाळा काढलेल्या जुन्या खोडांच्या टोकांना खवल्यांची हिरवी कणसं आली होती आणि त्यांतून पांढरी, फुलपाखरासारखी फुलं. गच्चीच्या दारापर्यंत वास येत होता. फूल त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं होतं. पान मात्र कधी निरखलंच नव्हतं, त्यामुळे वर्षभर डोळ्यांसमोर असून ओळख लागली नाही. माझंही फार वेगळं नाही; मी सोनटक्का शंभरदा हुंगला असेन, पण त्याची जिभिका पहिल्यांदा काकांच्या गच्चीवर पाहिली. हेडिकियम हे नाव 'गोड' आणि 'बर्फ' या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून १७८३ मध्ये दिलेलं आहे. बर्फ ज्याला मारतो त्याच्याच नावात बर्फ, यावर काका बराच वेळ हसत होते.

जिन्याखालच्या कुंडीला फूल आलं ते सप्टेंबरच्या मध्यात, थंडीच्या तोंडावर, आणि दोनच कणसं. दोन कुंड्यांत दीड महिन्याहून जास्त फरक पडला. हा फरक माझ्या मते खोडांचा. सोनटक्क्याला फूल त्या खोडाची पानं पूर्ण झाल्यावर त्याच्या टोकाला येतं, आणि एकदा फुललेलं खोड पुन्हा फुलत नाही. कापलेल्या कुंडीला सगळी खोडं शून्यापासून उभी करावी लागली, तर न कापलेलीने मागच्या वर्षीचं काम पुढे नेलं. पहिल्या वर्षी फूल का नव्हतं याचंही उत्तर यातच आहे: बोटभर तुकडे, चार बोटं खोल लावलेले, मे महिन्यात उगवलेले. खोडं पुरी व्हायच्या आधीच ऋतू संपला.

पुन्हा करायचं झालं तर

फोटोवरून नाव सांगण्याआधी मी आता तीन गोष्टी मागते: खोडाचा वरून फोटो, पानाच्या तळाचा जवळून फोटो आणि गड्ड्याला नख लावून घेतलेला वास. तिसरी गोष्ट फोनवर येत नाही, पण समोरच्याला घेता येते. "कर्दळच दिसतेय" असं लिहिण्यापेक्षा "अजून काढू नका" एवढंच लिहिलं असतं तरी दोन कुंड्या वाचल्या असत्या. दव गोठायला तेव्हा चांगले तीन-चार आठवडे होते. घाई नव्हती, ती माझ्या उत्तराने आणली.

खिडकी एकच आणि कुंड्या जास्त असतील, तर यंदा सर्वांत जाड पण न फुललेली खोडं असलेली कुंडी खिडकीत जाईल. फुलून गेलेली खोडं आत आणण्यात अर्थ नाही. ती बुडापासून कापून कुंडी जिन्याखाली ठेवायची. वाफ्यात पुरण्याचा प्रयोग करायचाच तर कुंडीशिवाय, उंचवट्यावर, भिंतीलगत करून पाहता येईल. काकांना त्यात रस उरलेला नाही.

तीन वाटा धरल्याचा मात्र पश्चात्ताप नाही. तिन्ही कुंड्या काकांच्या पहिल्या पसंतीने वाफ्यात गेल्या असत्या तर हाताशी खोक्यातले ते दोन बारीक कोंब तेवढे उरले असते.

त्या दोन कोंबांबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. ऑगस्टमध्ये दोन्ही गुडघ्याएवढे झाले. सवयीने मी पानं उलटी करून बोट फिरवलं. एकाला लव होती. दुसऱ्याचं पान खालून अगदी गुळगुळीत, वर किंचित राखाडी झाक. नऊही तुकडे एकाच पुडीतले म्हणून एकाच झाडाचे असतील, हे आम्ही कधी तपासलंच नव्हतं. त्याला या वर्षी फूल आलेलं नाही. काकांनी त्याची वेगळी कुंडी केली आहे, तिच्यावरच्या पाटीवर नावाच्या जागी प्रश्नचिन्ह आहे, आणि काकूंनी यंदा तिच्यापुरती खिडकीत जागा दिली आहे.